टॅपेट अन् माझी कवळी

काय सांगू, माझी जुनी मोटरसायकल लई टकटक करायला लागली. पोरगं म्हनलं, "दादा, इंजिन गेलं. भंगारात घाला." मग मंडळीला बाजाराला न्यायचं कशावर?

तिसगावच्या रफिकभाई मिस्त्रीनं आदी टॅपेट, म्हंजी वॉल्व्हची फट, सेट केलं, तरी आवाज हुताच. मग चालू इंजिनाला पेचकस टेकवून त्याची मूठ कानाला लावली. "काका, तुमी बी ऐका."

मला कमी ऐकू येतं, म्हणून आवाज हाडातनं पोचंल असं वाटून मी मूठ दातात धरली. डोकंच हादरलं. "भाई, समदंच खिळखिळं झालंय की!"

"काका, ती तुमची कवळी वाजती! इंजिनात नुसता वॉल्व्ह दाबनारा रॉकर झिजलाय."

रॉकर बदलला, टकटक थांबली. आता मागं बसलेली मंडळी वाटभर बोलती, अन् मला ऐकू येतं. देव भाईचं भलं करो.