लशीच्या बिलातला बेड

तुमचे वडील तरी बिलं वाचतात का रे? माझे वाचत नाहीत. कोविडच्या दिवसांत त्यांना लस टोचायला घेऊन गेलो होतो. सरकारी केंद्रात फुकट मिळत होती, पण "त्या रांगेत कोण उभं राहणार?" म्हणून सर्जापूर रोडवरच्या खासगी हॉस्पिटलात. टोचून झालं, अर्धा तास प्लास्टिकच्या खुर्चीवर बसवलं आणि बिल आलं. बाबांनी न वाचता पैसे भरले आणि सही ठोकली. सरकारी कंपनीत इंजिनिअर होते, औषधपाण्याचा खर्च आयुष्यभर कंपनीनं भरला. बिल वाचायची सवयच नाही.

मी वाचलं. "बाबा, बेडचे आठशे लावलेत. तुम्ही आडवे कधी झालात?"

"हळू बोल. एवढे शिकलेले लोक उगाच लावतील का?"

"आता रिटायर झालात. कंपनी देणार नाहीये."

"इंजिनिअरिंग अर्धवट सोडणाऱ्यानं मला बिल समजावू नये!" हे मात्र अख्ख्या हॉलला ऐकू गेलं. हळू फक्त मी बोलायचं.

मी तडक काउंटरवरच्या बाईकडे गेलो आणि कन्नडमध्ये सुरुवात केली. "अक्का, स्वल्प नोडी, जरा बघा, हा बेड कुठाय? पैसे भरलेत, तर मी तरी झोपतो."

तिनं बिल पाहिलं, बेड खोडला आणि माझ्याकडे न बघता आठशे रुपये बाबांच्या हातात दिले. "सॉरी सर, मिस्टेक झाली."

बाबांनी ऐटीत पैसे खिशात घातले. "परवागिल्ला अम्मा, असू दे, चुका होतात माणसाकडून."

मला कॉलेज सोडून दोन वर्षं झाली होती. 'चुका होतात' हे वाक्य त्यांना येतं, हे मला त्या दिवशी कळलं.