दाराआडची पोळी

बसा न वहिनी, आता कावून उठून राहिल्या? पाणी विचारत नाही तुम्हाले, तुमचाही निर्जळा आहे आज, माहीत आहे मले. वसू लेटली आहे आत. घाम थांबला, बोलूनही राहिली सरळ. मघाशी तर मलेच म्हणत होती, "बाई, माझी वही तपासा" — शाळेतली बाई समजून. ऐकलं न तुम्ही? सगळ्यायनं ऐकलं. समोरच्या शेवंताकाकूच्या खोलीत हरतालिका मांडलेली, पोरी फुगड्या खेळून राहिलेल्या, अन् ही खेळता खेळता लटपटली. अन् मी आई — मी खांबासारखी उभी. तुम्हीच धावल्या. पूजेतली पंचामृताची वाटी उचलली अन् सरळ तिच्या तोंडाले लावली. शेवंताकाकू ओरडल्या, "अवं बाप्पा, उपास मोडला न पोरीचा!" तुम्ही मागं वळूनही नाही पाहिलं. कसं समजलं तुम्हाले? ... असं. तुमच्या सासऱ्यायलेही साखरेची सुई आहे. अन् तिकडं दुर्गच्या रेल्वे क्वार्टरात सगळ्यायले माहीत होतं? कोणी काही म्हणत नव्हतं? — म्हाताऱ्या माणसाचं वेगळं असते, वहिनी. नववीतल्या पोरीचं वेगळं.

तुम्ही ब्लॉकमध्ये नव्या आल्या, म्हणून सांगतो. इथं कोणाले माहीत नाही. सकाळी काचेची सिरिंज पातेल्यात उकळायले ठेवली का मी स्वयंपाकघराचं दार लावून घेतो. इन्सुलिनची बाटली माठाजवळ, ओल्या फडक्यात. फ्रिज आहे शेवंताकाकूकडं, पण तिथं ठेवली तर विचारतील न, हे काय म्हणून. आधी काडीसारखी वाळली होती वसू. सुई सुरू झाली अन् अंगानं भरली — किती बरं वाटलं होतं मले तवा! मग भरतच गेली. डॉक्टर म्हणाले, मोजून खाऊ द्या, रोज चालू द्या, वजन उतरेल हळूहळू, पण सुई घेतल्यावर खाणं चुकवायचं नाही, कधीच नाही. तर ते सगळं करते पोट्टी. वसूच्या बाबायची ड्यूटी लागायच्या आधी बापलेक ग्राउंडवर चालून येतात. भात चमच्यानं मोजते. लग्नात गेलो तर जिलबीकडं पाहत नाही. अन् उतरूनही राहिलं होतं हो वजन, थोडं थोडं. धीर मलेच नव्हता. राखीच्या आधी सुपेल्याच्या बाजारात टेलरकडं नेली, शाळेचा ड्रेस शिवायले. त्यानं फीता लावला अन् ओरडला, "बहनजी, बिटिया तो आपसे भी आगे निकल गई!" दुकानात दोन-तीन पोट्टे बसले होते. मी हसली. हसायचं नव्हतं मले — काय करावं समजत नाही तवा हसतेच न माणूस? वसूनं माझ्याकडं पाहिलं एकदा, अन् माप होईपर्यंत पोट आत ओढून उभी राहिली. येताना टेम्पोत मी म्हटलं, एखादा उपास धरत जा न बेटा, सगळ्या पोरी धरतात. ... हो, म्हटलं मी. सांगायचं नव्हतं हे तुम्हाले.

पण आजचा उपास मी नाही धरायले लावला! मागच्या वर्षी तर हरतालिकेच्या दिवशी मीच तिले स्वयंपाकघरात घेतलं, दार लावलं, पोळी अन् दोडक्याची भाजी चारली, तोंड पुसलं, अन् मग पूजेले नेली. शेवंताकाकू म्हणाल्या, "एवढीशी पोर, पाण्याचा थेंब नाही घेतला हो!" मी मान डोलावली. तिच्या दातात भाजी अडकली होती, वहिनी, अन् मी मान डोलावून राहिली होती. आज सकाळी सुई झाली, मी ताट वाढलं, दार लावलं. तर म्हणते, "आई, दाराआड नाही खाणार मी. खाईन तर सगळ्यायच्या समोर, नाही तर खराच उपास करीन." शाळेत तोंड उघडत नाही ही पोरगी, अन् मले असं बोलली. अन् मी म्हटलं — मी म्हटलं, "मग नको खाऊ." रागात म्हटलं. वाटलं, भूक लागली का येईल आपोआप. सुई घेतलेली, अन् पोटात काही नाही, अन् वरून फुगड्या — माहीत नव्हतं का मले? माहीत होतं. अन् हेही आलं मनात, का चला, एक दिवस नाही खाल्लं तर तेवढं उतरेल. आईच्या मनात आलं, वहिनी.

जाऊ द्या. तुम्ही माझं एक काम करा. आता आरतीले जाल तर त्या सगळ्या विचारतील. सांगजा, का पोरीले भूक सहन झाली नाही. खादाडच आहे म्हणा. हसतील — हसू द्या, जाड्या पोरीले हसणं काही नवं आहे का? जाडीले उद्या नवरा भेटते. सुईवाल्या पोरीले कोण — असं नका पाहू माझ्याकडं. हळूच तर बोलून राहिली मी. ... आत ऐकू जाते तिले?

वसू? कावून उठली बेटा? पोळी घेऊन राहिली — हो, घे न, खायलेच पाहिजे आता, दूधही घे. थांब, मी दार लावतो, मग — कुठं चालली ताट घेऊन? वसू! पायरीवर नको बसू, समोरून सगळ्या येऊन राहिल्या, तुलेच पाहायले येऊन राहिल्या त्या, शेवंताकाकू पुढं आहे — वसू, ऐक न माय —

बसली. घास घेतला तिनं.

तुम्ही जा, वहिनी. तिच्याजवळ थांबा थोडं, थांबायचं असन तर. अन् जाताना तेवढं दार लोटून घ्या. ... नाही, तिले बाहेरच राहू द्या. मले नाही येता येत समोर.