हो, नाही आणि लागेल तेव्हा

—आणि हा नळ बघितलात का? उघडून बघा ना. गळतो. दोनदा वॉशर बदललं, तिसऱ्यांदा प्लंबरने हात जोडले. वरचा जो आहे ना, तो पहाटे उठून डंबेल्स आपटतो — प्रकृती कमावतोय म्हणे, आमची घालवून! एजंटने सांगितलं नसेल तुम्हाला हे. तो कशाला सांगेल? तो आता वरसुद्धा येत नाही, खाली गाडीतच बसतो. मागे एक जोडपं आणलं होतं त्याने, त्यांना मी कपाट सरकवून भिंतीतली ओल दाखवली, तेव्हापासून माझ्यावर खार खाऊन आहे. घ्या, मापं घ्या, मापांना ना नाही. टेपचं टोक धरू का? द्या इकडे. मला काय, दिवसभर बसूनच असतो मी.

हा आवाज होय? फ्रीजचा नाही, फ्रीज बंदच आहे. एकट्या माणसाला काय लागतो फ्रीज. मागच्या खोलीतून येतोय — या, या इकडे, वायरी ओलांडून या, जपून, ती लाल पायात येते सगळ्यांच्या. ही माझी खोली. ही चार यंत्रं, त्यांच्या पंख्यांचा आवाज. काम? काम कसं सांगू तुम्हाला. जावयाला आजवर कळलेलं नाही, तो लोकांना सांगतो सासरे कंप्युटर रिपेअर करतात. मी कर्नलचं काम बघतो. फौजेतला नव्हे हो! कंप्युटरचा असतो तो — सगळ्यात आतला गाभा म्हणा, जो बाकी सगळ्यांना हलवतो. कीबोर्ड दाबला की अक्षर उमटतं ना, ते त्याच्या कृपेने. आता हा आमचा जो कर्नल आहे तो कुणा एकाच्या मालकीचा नाही. उघडा आहे, फुकट आहे, कुणीही वाचावा, कुणीही बदलावा — आणि म्हणून जगातल्या प्रत्येकाने त्यात आपलं आपलं काहीतरी घालून ठेवलंय. कुणाचा प्रिंटर, कुणाचं जहाजावरचं यंत्र, कुणाची तीस वर्षांपूर्वीची साउंड कार्डं. सगळंच घेतलं तर ते धूड चालायचं नाही. म्हणून मग प्रत्येक गोष्टीला एक प्रश्न असतो — हे हवं का? असे हजारो प्रश्न. आणि आमची जी मंडळी हे सगळं बांधून लोकांना देते, तिच्या वतीने त्या प्रश्नांची उत्तरं मी देतो. एवढंच. बाकी काही नाही. 'हो', 'नाही', 'हो', 'नाही'. केस पिकले त्यात.

हसू नका. हसा, हसा, तुमचं काही चुकलं नाही. पण बाई, 'हो' म्हणणं इतकं सोपं नसतं. एकाला 'हो' म्हटलं की त्याच्या मागून त्याचे पाच भाऊबंद आत येतात, ज्यांना मी कधी बोलावलंच नव्हतं. एकाला 'नाही' म्हटलं की त्याच्या आधारावरचे दहा प्रश्न दिसेनासेच होतात, विचारलेसुद्धा जात नाहीत. आणि कुठेतरी कुणाच्या तरी लॅपटॉपचा माऊस मेला की तो मलाच लिहितो — आणि कसं लिहितो! शिव्या तरी बऱ्या. चालतंय तोवर मी कुणाला माहीत नाही, बंद पडलं की सगळ्यांना माझाच पत्ता सापडतो. चार महिन्यांत पुढची आवृत्ती येते, पुन्हा नवे प्रश्न. दुष्काळात तेरावा महिना, तसा आमच्याकडे प्रत्येक महिना तेरावाच. कंटाळा आलाय मला. हे मी कुणाला बोललो नव्हतो, तुम्हाला बोललो बघा. कंटाळा आलाय.

खिडकी? उघडते ना, जोर लावावा लागतो. कोण राहणार या खोलीत? सासूबाई? म्हणजे त्या इकडे येणार तुमच्याकडे. बरं. चांगलं आहे. ऊन येतं सकाळचं — छे, काय सांगतोय मी हे तुम्हाला, मी तर तुम्हाला घालवायला बसलोय! नाही, गंमत केली. गंमत हो.

काय सांगत होतो? हं. तिसरं उत्तर. तर 'हो' आणि 'नाही'च्या मधे आमच्याकडे एक तिसरं उत्तर असतं. 'लागेल तेव्हा'. म्हणजे गाभ्यात घालायचं नाही, पण टाकूनही द्यायचं नाही. डिस्कवर बाजूला बांधून ठेवायचं, गरज पडली की गाभा हाक मारतो आणि ते आत येतं. सोय बघा कशी! ओझं नाही, वाईटपणा नाही. सगळ्यांना खूष ठेवणारं उत्तर. मी दिलेल्या उत्तरांत हेच जास्त सापडेल तुम्हाला. फक्त त्यात एक गोम आहे, आणि आमच्या धंद्यात आलेला प्रत्येक माणूस एकदा तरी तिथे तोंडावर पडतोच. काय करतो माहितीये? डिस्क वाचायची जी विद्या आहे ना, तिलाच 'लागेल तेव्हा' म्हणून बसतो. आता ही विद्या ठेवली कुठे? तर डिस्कवर! यंत्र सुरू होतं, गाभा म्हणतो डिस्क वाचायचीये, विद्या आणा — आणायला जातो तर ती डिस्कच्या आत. किल्ली घरात आणि दाराला कुलूप. पडदा काळा. यंत्र ओरडतसुद्धा नाही नीट. मीही पडलो होतो तसा, नवा असताना, आणि नंतर नव्या मंडळींना दटावून सांगत आलो — बाबांनो, ज्याच्यावाचून हाकच मारता येत नाही, त्याला आधीच 'हो' म्हणून ठेवायचं असतं, तिथे 'लागेल तेव्हा' चालत नाही. लोकांना सांगे ब्रह्मज्ञान, म्हणतात ना.

नाही, काही नाही. धूळ गेली डोळ्यात, ही यंत्रं धूळ फार ओढतात. बसता का? त्या स्टुलावर बसू नका, एक पाय आखूड आहे. पलंगावर बसा.

का विकतोय, असं विचारताय? लेकीचं म्हणणं. लेक दुसऱ्या गावी असते, आणि आमची ही तिच्याकडे आहे. गेल्या वर्षी हिला झटका आला. पॅरालिसिसचा. उजवा हात आणि बोलणं — दोन्ही गेलं. कुठे? इथेच. स्वयंपाकघरात. मी घरातच होतो हो, या खुर्चीत, बारा पावलं नसतील मधे. दार लोटलेलं, कानाला हेडफोन नव्हते, शपथेवर सांगतो नव्हते. रोज सकाळी मी हिला सांगून आत यायचो — लागलं काही तर हाक मार. लग्न झाल्यापासून हेच सांगत आलोय मी तिला. लागलं तर हाक मार. तिनेही कधी तक्रार केली नाही. आणि त्या दिवशी काय गेलं असेल तर हाकच गेली ना आधी. हात पोचत नव्हता, आवाज फुटत नव्हता, आणि मी इथे बसून वाट बघतोय — वाटही बघत नव्हतो, कामात होतो. चहा का आला नाही म्हणून उठलो. चहासाठी उठलो मी, बाई.

राहू दे. डॉक्टर म्हणाले वेळ फार गेला नव्हता. चांगले होते डॉक्टर.

तर तेव्हापासून ती लेकीकडे. इथे तीन मजले, लिफ्ट नाही — लिहून घ्या, लिफ्ट नाही, सासूबाईंचे गुडघे कसे आहेत? — आणि लेकीचं घर तळमजल्यावर. लेक म्हणते बाबा, ते घर काढा आणि या इकडे कायमचे. मी म्हणतो माझी यंत्रं आहेत, ती हलवता येत नाहीत. खोटं आहे ते. तुम्हाला काय लपवू, तुम्ही काही तिला सांगायला जाणार नाही. कर्नलची सगळी बांधणी आता दूरच्या भाड्याच्या यंत्रांवर होते, मला एक लॅपटॉप पुरतो. ही चार नुसती चालू ठेवलीत. बंद केली की घर फार गप्प होतं.

खरं कारण वेगळंच आहे. मी विचारलं होतं हिला. व्हिडिओ कॉलवर, समोर बघत — येऊ का गं तिकडे कायमचा? आता हिचे शब्द सगळे गेले. मला हाक मारायची ते 'अहो'सुद्धा गेलं. उरलेत दोन. हो आणि नाही. नशिबाची थट्टा बघा, माझ्या बायकोकडे नेमके तेच दोन उरावेत! तर मी विचारलं, आणि ती म्हणाली 'नाही'. स्वच्छ. दोनदा म्हणाली. लेक म्हणते बाबा, तिचं हो-नाही उलटसुलट होतं, कप ढकलत ढकलत 'हो' म्हणते, बोलायला शिकवणाऱ्या बाईंनीही सांगितलंय की शब्दाकडे जाऊ नका, माणसाकडे बघा. असेल. पण मला ते कसं जमणार? आमच्या प्रत्येक प्रश्नाखाली चार ओळी माहिती असते आणि शेवटी बहुधा एकच वाक्य — खात्री नसेल तर 'नाही' म्हणा. शेकडो ठिकाणी मीच लिहिलंय ते. आणि समजा उलट झालंच नसेल, तर? समजा तिला खरंच नको असेन? तिचा हक्क आहे तो. जो माणूस घरात असून आला नाही, त्याला कोण 'ये' म्हणेल? म्हणून मी कळवलं लेकीला — काही लागलं तर बोलवा, येईन.

हो. तेच म्हणालो. आत्ता बोलताना माझ्याही लक्षात आलं.

तुमच्या सासूबाईंना विचारलंत का तुम्ही, येणार का म्हणून? काय म्हणाल्या? नको म्हणाल्या. बघा! मग? मग तुम्ही टेप घेऊन कशाला फिरताय माझ्या घरात? — काय? 'नको, नको' म्हणाल्या आणि मग खोलीला खिडकी कुठल्या बाजूला आहे ते विचारलं? … खिडकीचं विचारलं. हं. लबाडच आहेत सासूबाई. मापं झाली का तुमची? झाली असतील तर —

थांबा, फोन. लेकीचा. रोज याच वेळेला करते, हिला संध्याकाळी उशीला टेकून बसवते आणि करते. नाही, जाऊ नका, बसा जरा, मला एकट्याला — बसा तुम्ही. हां, बोल बयो. हो, जेवलो. अगं, घर बघायला आल्यात एक ताई. नाही, नाही घालवलं मी त्यांना, इथेच बसल्यात, विचार हवं तर. ओल? ओल नाही दाखवली अजून. दे, आईकडे दे फोन. नीट धर, नुसतं कपाळ दिसतंय तिचं. जरा लांब. अजून लांब, सगळी दिसू दे. हं.

अगं. मी आहे. केस कुणी विंचरले आज? छान दिसतायत. ऐक ना, एक विचारायचंय. मागे विचारलं होतं तेच. मी तिकडे यायचं म्हणतोय. लागेल तेव्हा नाही, तसं नाही. राहायलाच. तुझ्या खोलीत. येऊ का?

…ताई, जरा इकडे या. या, लवकर, माझा चष्मा धुरकट झालाय, मला धड दिसत नाहीये. ऐकलंत ना? 'नाही' म्हणतेय. परत म्हणाली, 'नाही, नाही'. पण करतेय काय ती? तो डावा हात — उशी ढकलतेय का ती? भिंतीकडे सरकतेय. तिला सरकता येत नाही हो नीट, किती त्रास होतो तिला. धर गं तिला, बयो, पडेल ती! — नको, थांब, धरू नकोस. ताई, ती जागा करतेय ना? माझ्यासाठी जागा करतेय ना ती पलंगावर?

हो. हो गं. येतो. सरकू नकोस आता, पुरे, मावतो मी तेवढ्यात. येतो.

तुम्ही निघा आता, ताई. एजंटला सांगा, ठरलं म्हणून, आकडा तुम्ही म्हणाल तो. ओल त्या कपाटामागे आहे, ती तेवढी करून घ्या. दार ओढून घ्या जाताना. जा तुम्ही, मला हिच्याशी बोलायचंय.