मागची सीट

जुन्या गाड्यांच्या दुकानात आपला नंबर यायची वाट बघत एक नर्सबाई बसल्या होत्या. समोरच्या पांढऱ्या सेडानपाशी नवरा, बायको आणि वॉकर धरून सासूबाई उभ्या होत्या.

“इंजिन ठणठणीत आहे गं, मेकॅनिकला दाखवलंय.”

“अहो, डिकीत वॉकर मावतो का ते बघा आधी.”

“मावला! आडवा टाकला की झालं.”

“आई, आता मागे बसून बघा. सावकाश.”

“अगबाई! गुडघा जराही अडला नाही.”

“आई, लगेच हो म्हणू नकोस. नवीही बघू एखादी.”

“नव्या गाडीबरोबर गुडघे नवे देतात का रे?”

“बरं आई, हीच घेऊ. उतर आता.”

“वर्षानं घराबाहेर पडलेय. आधी चक्कर मारून आण.”

“कुठे जायचं?”

“कुठेही ने. काच तेवढी खाली कर.”