चंद्राची वर्गणी

माझी नात भंडाऱ्याले इंजिनिअरिंग शिकते. ती नि तिच्या मैत्रिणी कोणाच्या तरी यानातून चंद्रावर एक लहानसं यंत्र धाडणार आहेत. खर्च कोटीचा, म्हणून लोकवर्गणी. आमच्या एकोडीच्या पारावरही ती वर्गणी मागाले आली.

आमचा शामराव म्हणजे देवाच्या वर्गणीलेही घासाघीस करणारा माणूस. त्यानं विचारलं, "पोरी, एवढा पैसा आपल्या गावानं होईन का?"

"एका गावानं नाही आबाजी. लय गावं मिळून होईन."

"अन् उतरताना फुटलं तं?"

सारे तिच्याकडे पाहू लागले. मले वाटलं, थोडं खोटं बोलली तरी चालेल. पण ती म्हणाली, "फुटू शकते. मोठ्यामोठ्यांचे फुटले. मंग पुन्हा पाठवा लागन."

दोघंतिघं उठून जाऊ लागले. पोरीचं तोंड उतरलं.

शामरावनं खिशातून दोन नोटा काढल्या. एक तिच्या हाती दिली, दुसरी परत खिशात ठेवली.

मी म्हटलं, "ते काहून ठेवली बे?"

"तू धानाच्या रोपासाठी पऱ्हे टाकताना घरची सारी बिजाई एकदाच टाकतं का? हे दुबार पेरणीची हाय."