दहावी सही

हौसा : "अंगठा उठव आन् पदर सावर, बास!" तुझ्या सासऱ्याचा तो आवाज अजून कानात हाय गो, अनिता. पाच वर्सं सरपंच होते मी. खुर्चीत ते, कागदावर माझा अंगठा.

अनिता : ठाऊक हाय, आई. पण आत्ता पोपटकाकांचं काय करू? अपक्ष आमदारकीच्या अर्जाला दहा सूचक लागतात. पेणपासून रोह्यापर्यंत फिरून नऊ सह्या आणल्या. दहावे काका. त्यांचा आत्ता फोन, "मला वगळ."

हौसा : का म्हणं?

अनिता : म्हणतात, झेडपीला सीट बायांची होती, म्हणून उभी राहिलीस. ही ओपन हाय, म्हणजे पुरुषांची.

हौसा : व्हय? उधाणात खारबांध फुटून त्याच्या शेतात खाडी शिरली, तवा कलेक्टरकडं कोण गेलं?

अनिता : मीच.

हौसा : तवा नाय आठवली त्याला सीट!

अनिता : वर म्हणतात, आमदार म्हणजे मुंबईला मुक्काम, गडीमाणसांत ऊठबस. निलेशला तरी विचार, म्हणे.

हौसा : मग? माझा लेक काय म्हणला?

अनिता : काय नाय. मघापासून गाडी पुसतोय. आरसा दोनदा पुसला.

हौसा : बाप बोलून अडवायचा, ह्यो गप बसून.

अनिता : आई, तुम्ही व्हाल दहाव्या? सही घरी केलेली चालते, पण अंगठा अधिकाऱ्यासमोरच लावावा लागतो. तुमचा गुडघा असा, तिथं जिना... आणि आज तीनला मुदत संपते.

हौसा : अंगठा नाय लावायची मी.

अनिता : बरं. नको तर नको. राग नाय माझा.

हौसा : पुरतं ऐक. माझा धाकटा भाऊ विठू शाळेत जायचा, मी मिठागरावर. त्याची पाटी बघून बघून शिकले. टोपलं भरायच्या आधी मिठाच्या राशीवर बोटानं नाव काढायची. वारा यायचा, मीठ सरकायचं, नाव जायचं. मी परत काढायची.

अनिता : म्हणजे सरपंच असताना तुम्हाला सही येत होती?

हौसा : लग्नाआधीपासून. चारचौघांत यांनी शाईचा पॅड पुढं सारला. "हिला काय येतंय!" म्हणून हसले. त्यांचा शब्द पडू नये म्हणून मी अंगठा बुडवला. मग पाच वर्सं बुडवतच राहिले. कुणाला बोलले नाय. आज तुला बोलले.

अनिता : आई...

हौसा : रडू नको, कागद भिजंल. चष्मा दे माझा, आन् पेन. नाव झटकन होईल. आडनावाला जरा वेळ लागंल गो, ते मिठात कधी काढलं नव्हतं.