आठवड्याचे सूर्यनमस्कार एका रविवारी

सांगा बघू, माणसानं कुणावर विश्वास ठेवावा, आपल्या जिभेवर की आपल्या कमरेवर?

चादरीचं दुकान म्हणजे दिवसभर गादीवर मांडी घालून बसणं आलं. कंबर धरली आणि मला मांडीच घालता येईना. माझ्या पोरानं खुर्ची आणली. वाटलं, आता गादी सुटली. म्हणून गल्लीतल्या नरसम्मा अक्कांकडे योगासनं शिकायला गेलो. पंचाहत्तरीची बाई, जन्मभर विड्या वळल्या, पण पाठ ताठ.

"रोज दोन सूर्यनमस्कार घाला," त्या म्हणाल्या. पुढं भेटल्या की विचारायच्या, "रोज करता न्हवं?"

"रोज!" मी म्हणायचो.

मी पडलो व्यापारी. सहा दिवस दांडी मारायचो आणि रविवारी चौदा एकदम उरकायचो. एका रविवारी वाकलो तो तसाच अडकलो. पोरानं अक्कांना बोलावलं आणि माझा रविवारचा हिशेबही सांगून टाकला.

"घाऊक व्हय शेठ?" अक्का हसल्या. "मग आठवड्याचा श्वासपण आजच घेऊन ठेवा की!"

कंबर सुटल्यावर मी खरंच रोज दोन घालू लागलो, श्वासाकडे लक्ष ठेवून. चार महिन्यांनी एका गिऱ्हाइकानं चाळीस चादरी उलगडायला लावल्या आणि एकही न घेता निघाला. एरवी अशा गिऱ्हाइकावर खेकसणारा मी हसून "परत या" म्हणालो, मांडी घालून सगळ्या घड्या घातल्या आणि हात न टेकता उठलो.

पोरगं घाबरलं. "बाबा, बरं वाटत न्हाय का?"

कंबर बरी होईल असं वाटलंच होतं हो, पण माझा राग कुठं गेला, हे मला अजून कळलेलं नाही.

तुम्हीही सुरू करा. फक्त कॅलेंडरवर खरा हिशेब ठेवा, दांडीच्या दिवशी फुली मारायला लाजू नका.